गाळलेल्या जागा भरा

दोन ज्ञात बिंदूंच्या मधल्या पट्ट्याला शास्त्रीय परिभाषेत अंतराल म्हणतात, आणि अंतराल दिसले की ते भरलेच पाहिजे अशी मनुष्यजातीची पक्की समजूत आहे. गणिती दोन संख्यांच्या मध्ये तिसरी संख्या बसवतो, पंचांगकर्ता दोन महिन्यांच्या मध्ये तिसरा महिना घालतो, संगणक दोन आज्ञांमधल्या उसंतीत तिसऱ्याचेच काम उरकून घेतो, आणि ज्याच्यापाशी यांपैकी कोणतीच विद्या नाही तो खिशातून मोबाइल काढतो. या सार्वत्रिक प्रवृत्तीला जे मोजके अपवाद आढळतात, त्यांत पुणे शहरातील दुपारी एक ते चार हे अंतराल अग्रगण्य मानावे लागते, कारण ते भरण्याचा प्रयत्न करणाऱ्याला तेथे कडी वाजवल्याचा पश्चात्ताप करावा लागत असे.

अंतरालाचे गणितात दोन मुख्य प्रकार आहेत: ज्यात दोन्ही टोकांचे बिंदू धरलेले असतात ते संवृत, आणि ज्यात ते वगळलेले असतात ते विवृत. पेठांतील दुकानांच्या दारावर 'दुपारी १ ते ४ बंद' अशी जी पाटी असे, तिच्यावर हा प्रकार नमूद केलेला नसला, तरी एकच्या ठोक्याला आलेल्या गिऱ्हाइकालाही दुकान बंद आणि चारच्या ठोक्याला आलेल्यालाही बंदच, या अनुभवावरून ते अंतराल संवृत असल्याचे निःसंशय सिद्ध होते. ते विवृत असते तर दुकानदाराची मोठी अडचण झाली असती. कारण विवृत अंतरालाला पहिला बिंदूच नसतो, एक वाजल्यानंतरचा कोणताही क्षण घेतला तरी त्याच्या आणि एकच्या मध्ये आणखी क्षण निघतातच, त्यामुळे वामकुक्षी नेमकी केव्हा सुरू झाली हे सांगता येत नाही, आणि जी सुरू झाल्याचे सांगता येत नाही ती मोडल्याबद्दल गिऱ्हाइकावर डाफरताही येत नाही. चितळे बंधू मिठाईवाले यांनी २०१७ साली दुपारीही दुकान उघडे ठेवण्यास प्रारंभ केला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची रीतसर बातमी दिली. दुकान उघडे असणे ही बातमी ठरावी अशी शहरे जगात फार नसावीत.

पण हे अंतराल भरायचेच म्हटले तर किती भरेल, याचे उत्तर गणिताने फार पूर्वी देऊन ठेवले आहे, आणि ते भरणाऱ्यांना मुळीच उत्तेजन देणारे नाही. ज्या संख्या पूर्णांकांच्या अपूर्णांकरूपात लिहिता येतात त्यांना परिमेय संख्या म्हणतात, आणि अशा कोणत्याही दोन संख्यांच्या मध्ये तिसरी परिमेय संख्या हमखास सापडते, म्हणून वरवर पाहणाऱ्याला संख्यारेषा त्यांनीच गच्च भरल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात दोनचे वर्गमूळ तेथे कुठेही बसलेले नसते. अशा फटी हेरून त्या बुजवण्याची शिस्तशीर रीत डेडेकिंड याने १८७२ मध्ये छापली, तर फटींची संख्या भरावाच्या संख्येपेक्षा अतुलनीय मोठी आहे हे कँटरने १८७४ मध्ये दाखवले. एक ते चारमधील सर्व परिमेय क्षणांची यादी करता येते; ती करून पहिल्या क्षणाभोवती अर्ध्या मिनिटाचे, दुसऱ्याभोवती पाव मिनिटाचे, तिसऱ्याभोवती त्याच्या निम्म्याचे असे आवरण घालत गेले, तर ती यादी अनंत असूनही सर्व आवरणांची बेरीज एका मिनिटापलीकडे जात नाही. म्हणजे दुकानदाराला अनंत वेळा उठवले तरी, प्रत्येक वेळी तो पुरेशा तत्परतेने पुन्हा झोपत असेल तर, १७९ मिनिटांची झोप त्याच्या पदरात पडतेच. वामकुक्षीच्या समर्थनार्थ आजवर झालेल्या युक्तिवादांत याहून भक्कम युक्तिवाद नाही.

सगळा अवकाश भरणे अशक्य ठरल्यावर शहाण्या माणसांनी गरजेपुरता भराव करण्याची कला शोधली. तिला अंतर्वेशन म्हणतात, म्हणजे माहीत असलेल्या दोन किमतींवरून मधली माहीत नसलेली किंमत काढणे. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'सिद्धांतशिरोमणी'त ज्यांचे, म्हणजे कोनाशी निगडित अर्ध्या जीवांचे, एक आटोपशीर कोष्टक दिले असून त्यात त्रिज्या १२० धरून दर १० अंशांना होणारी वाढ अनुक्रमे २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५ आणि २ अशी आहे. नऊ आकडे कोणालाही पाठ होतात. कठीण प्रश्न मधल्या अंशांचा. २४ अंशांची ज्या काढताना २० अंशांच्या ४१ मध्ये पुढच्या १९ चा चार दशांश भाग मिळवला तर ४८.६ येतात, परंतु वाढ क्रमाक्रमाने मंदावत असते हे लक्षात घेऊन, ब्रह्मगुप्ताने ६६५ सालच्या 'खंडखाद्यका'त सांगितलेल्या रीतीने मागची आणि पुढची वाढ यांचा मेळ घातला तर ४८.७२ येतात, आणि आजचे गणकयंत्र ४८.८१ दाखवते. या रीतीच्या मुळाशी एक गृहीतक आहे, ते असे की दोन ज्ञात बिंदूंच्या मध्ये निसर्ग सभ्यपणे वागतो. हे गृहीतक काढून घेतले तर अंतर्वेशनात उरते ती निव्वळ ठोकाठोक. बिंदू वाढवले आणि त्या सर्वांतून जाणारी एकच लांबलचक बहुपदी आखली म्हणजे अचूकता आपोआप वाढते, या समजुतीलाही रुंगे या जर्मन गणितज्ञाने १९०१ मध्ये सुरुंग लावला. समान अंतरावरच्या ज्ञात बिंदूंवर निमूटपणे हजेरी लावणारी ही बहुपदी, एका साध्यासुध्या वक्राच्या बाबतीतही, टोकाजवळच्या अंतरालात अशी काही उसळते की हजेरीपत्रक पाहून तिच्या वर्तणुकीची कल्पनाच येऊ नये.

अंतराल भरण्याचे काम सर्वांत उघडपणे आणि सर्वांत चविष्ट रीतीने जर कोणी केले असेल तर ते पंचांगाने. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष सुमारे ३६५ दिवसांचे, त्यामुळे दोहोंत दरवर्षी जवळजवळ ११ दिवसांची तफावत पडते. ती साचत साचत सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एका महिन्याएवढी झाली की एक अधिक महिना घालून हिशेब जुळवतात. ही गणिती दुरुस्ती असल्यामुळे तिला स्वतःचे काही कर्तव्य नव्हते, लग्नमुंजी तर तिच्यात वर्ज्यच. परंतु रिकामा महिना समोर दिसल्यावर तो तसाच सोडून देणे समाजाला जमले नाही, आणि त्याने तो जावयाने भरला. या धोंड्याच्या महिन्यात जावयाला ३३ अनारसे देण्याची चाल आहे. या ३३ चा संबंध कोणी तेहतीस महिन्यांच्या हिशेबाशी जोडतात तर कोणी तेहतीस देवांशी, आणि जावई सहसा या वादात पडत नाही. या वाणाची अट अशी की पदार्थ जाळीदार हवा. म्हणून अनारसे, आणि ते जमले नाहीत तर बत्तासे. कालगणनेतील भोक बुजवण्यासाठी मुद्दाम भोकांचाच पदार्थ निवडणाऱ्या अज्ञात गृहिणीची गणिती जाण असामान्य मानली पाहिजे, कारण संख्यारेषाही अखेर अनारशासारखीच आहे: दुरून भरीव, आणि जवळ नेऊन पाहिली तर भोकांनीच तोलून धरलेली. २०२३ साली श्रावणच अधिक आल्याने तो दोनदा झाला आणि गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरपर्यंत लांबली. सामिष आहार वर्ज्य असलेला महिना दुप्पट होतो की काय, या शंकेने तेव्हा अनेक कुटुंबांत पंचांगाचे जेवढे बारकाईने वाचन झाले, तेवढे एरवी विवाहमुहूर्तासाठीही होत नाही.

पंचांगातला काळ मोजता तरी येतो, मनातल्या काळाची गोष्ट निराळी. मानसशास्त्रात एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक असलेला एक भ्रम असा आहे की दोन ध्वनींमधला अवधी निःशब्द ठेवला तर तो आखूड वाटतो, आणि तेवढाच अवधी मध्ये टकटक वाजवून भरला तर तो लांब वाटतो. यास भरलेल्या अवधीचा भ्रम म्हणतात. उलट, रांगांच्या मानसशास्त्रावर १९८५ मध्ये लिहिताना डेव्हिड मेस्टर याने सांगितले की हाताला काही उद्योग असेल तर वाट पाहणे आखूड वाटते आणि रिकामे बसवले तर लांब. भरल्याने काळ वाढतो की घटतो, या प्रश्नावर शास्त्राने दोन्ही उत्तरे दिलेली पाहून सामान्य वाचकाचा विश्वास डळमळण्याचा संभव आहे. पण विरोध वरवरचा आहे. पहिल्या प्रयोगात माणूस काही सेकंदांच्या अवधीकडेच कान लावून बसलेला असतो, त्यामुळे प्रत्येक टकटक हिशेबात जमा होते. दुसऱ्या प्रसंगात उद्योगामुळे त्याचे लक्ष काळावरून उडते आणि हिशेबच राहून जातो. विल्यम जेम्सने १८९० मध्ये यात आणखी एक मेख मारून ठेवली, ती अशी की घडामोडींनी भरलेला काळ जाताना भुर्रकन जातो आणि आठवताना मात्र लांबलचक भासतो.

पुण्याच्या चौकांत या दोन्ही सिद्धांतांची परीक्षा रोज होते. लाल दिव्याशेजारी उलटे आकडे मोजणारी जी चौकट असते, ती प्रतीक्षेचे अंतराल चक्क काळानेच भरते, म्हणजे वाहनचालकाचे लक्ष काळावरून दुसरीकडे वळवण्याऐवजी ते काळावरच खिळवून ठेवते, आणि पहिल्या सिद्धांतानुसार त्यामुळे नव्वद सेकंद शंभरासारखे वाटायला हवेत. मात्र अनिश्चित प्रतीक्षा निश्चित प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते, असेही मेस्टरने म्हटले असल्यामुळे आकडे पाहून जीवाला थोडा दिलासा मिळतो. हा दिलासा पाचच्या आकड्यापर्यंत टिकतो. त्यानंतरचे सेकंद मागच्या वाहनांच्या भोंग्यांनी भरले जातात आणि ते भरलेल्या अवधीच्या भ्रमाप्रमाणे पुढच्याला फार लांब, तर वाजवणाऱ्याला फार आखूड वाटतात. एकाच अवधीची दोन मापे एकाच रस्त्यावर इतक्या जवळून पाहण्याची सोय कोणत्याही प्रयोगशाळेत नाही. संगणकाच्या पडद्यावर सरकणारी प्रगतीची पट्टी ही याच चौकटीची चुलत बहीण होय. ब्रॅड मायर्स या संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये दाखवले की वापरणाऱ्यांना अशी पट्टी असलेली आवडते. २००७ मधील एका संशोधनात असे आढळले की पट्टी शेवटाकडे वेगाने सरकली तर तेवढाच वेळ कमी वाटतो. यावरून पट्टीला थोडे खोटे बोलू द्यावे असा निष्कर्ष निघतो आणि तो अनेकांनी काढलाही. तरी नव्व्याण्णव टक्क्यांवर येऊन तिला जो पक्षाघात होतो, त्याचे समर्थन कोणत्याही संशोधनात नाही.

या बाबतीत तबलजींनी शास्त्रज्ञांच्या किती तरी आधी बाजी मारलेली आहे. दोन ठोक्यांमधले अंतर सुमारे दोन सेकंदांच्या पलीकडे गेले की मनाला ते एका लयीत गुंफता येत नाही आणि प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, असे फ्रेस या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाचे प्रतिपादन आहे. आता अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचे एक आवर्तन मिनिटभर चालू शकते, म्हणजे एका मात्रेला सुमारे पाच सेकंद. फ्रेसच्या हिशेबाने तेथे लय शिल्लक राहायलाच नको. ती राहते, कारण मात्रेच्या पोटात तबलजी हलक्या बोटांनी लहान लहान बोलांचा भराव करतो आणि पाच सेकंदांचे दुर्लंघ्य अंतर सव्वा-सव्वा सेकंदाच्या पायऱ्यांत वाटून टाकतो. भास्कराचार्यांचे अंतर्वेशन ते हेच, फक्त कागदाऐवजी शाईच्या चामड्यावर केलेले. शिवाय या विद्येत भरीबरोबर खालीही असते, आणि खालीच्या जागी डग्ग्याचा घुमारा काढून घेतला जातो, मात्रा काढून घेतली जात नाही. रिकामेपणालाही मोजून दिलेली जागा असते. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात हजारो श्रोते मिनिटभर वाट पाहून समेवर एकदम मान हलवतात, आणि त्यांतले काही जण ती अर्धी मात्रा आधीच हलवतात, तेही पूर्ण आत्मविश्वासाने. अंतर्वेशनातील चूक इतक्या प्रसन्न चेहऱ्याने अन्यत्र कोठेही होत नाही.

संगणकाच्या पोटातील अंतरालांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही, कारण तेथे एकच दुःख निरनिराळ्या वेषांत पुन्हा पुन्हा भेटते. सेकंदाला तीनशे कोटी ठोके टाकणाऱ्या प्रक्रियकाला स्मृतीतून एखादा आकडा मागवायचा झाला तर सुमारे शंभर नॅनोसेकंद, म्हणजे स्वतःचे तीनशेएक ठोके, हात चोळत बसावे लागते. तेवढ्यात त्याला दुसरे काम देण्याच्या युक्त्यांतच या शास्त्राची बरीचशी बुद्धी खर्च झाली आहे. दुसरे कामच नसेल तर 'सिस्टिम आयडल प्रोसेस' नावाचे एक निरुद्योगाचे खाते उघडलेले असते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्याप्रमाणे त्या तुंबड्यांचाही चोख हिशेब तेथे ठेवला जातो, आणि हे खाते यंत्राची सत्त्याण्णव टक्के शक्ती खाते आहे असे वाचून घाबरलेले गृहस्थ ते बंद करू पाहतात. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला, तेव्हा अनेक प्रक्रियकांना एकाच कामाला जुंपताना मुख्य अडचण हीच होती की एकाने दुसऱ्याची वाट पाहत बसू नये. दुपारी एक ते चार पाळणाऱ्या शहरात, क्षणभरही रिकामे न बसणारे यंत्र घडवले जावे, यात काही विसंगती आहे असे मानण्याचे कारण नाही. विश्रांतीची किंमत जाणणारेच काम दुसऱ्यावर नीट सोपवू शकतात.

पुणे विद्यापीठाच्या परिसरातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र जी महाकाय दुर्बीण चालवते, ती तर बव्हंशी रिकाम्या जागेचीच बनलेली आहे. नारायणगावाजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतील १४ मध्यभागी दाटीवाटीने आणि १६ तीन बाजूंना फाकलेल्या रांगांत, आणि सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. एवढ्या व्यासाची अखंड तबकडी बांधली असती तर जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील बराच ऊस तिच्या सावलीत गेला असता. त्याऐवजी तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या लावतात. प्रत्येक जोडी त्या काल्पनिक महातबकडीविषयीची माहितीचा एक-एक तुकडा पुरवते, आणि पृथ्वी फिरत राहते तसतशा या जोड्या आकाशाच्या दृष्टीने आपल्या जागा बदलत मधल्या फटी भरत जातात. म्हणजे येथे भरावाचे कंत्राट साक्षात पृथ्वीला दिलेले आहे, आणि ती ते वेळेवर पूर्ण करते, हे कंत्राटांच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगे आहे. इतके करूनही ज्या फटी उरतात त्या गणिताने भराव्या लागतात. त्यासाठी हॉगबॉम या खगोलशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये सुचवलेल्या रीतीत असे धरून चालतात की आकाश बहुतांशी रिकामे असून त्यात थोडेच ठळक बिंदू आहेत. हेही गृहीतकच. भास्कराचार्यांचे गृहीतक सभ्य निसर्गाचे, हॉगबॉमचे रिकाम्या आकाशाचे. ज्याला मध्ये काय असावे याविषयी आधीपासून काहीच मत नाही, त्याला मधली जागा भरताच येत नाही.

मात्र भरलेले एकदा वाळले, की मूळ कोणते आणि भराव कोणता हे ओळखणे भरण्यापेक्षा कितीतरी कठीण होते, आणि या उलट्या दिशेच्या विद्येत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचा हात कोणी धरू शकणार नाही. ग्रंथात मागाहून घुसडलेल्या मजकुराला प्रक्षेप म्हणतात. दोन श्लोकांच्या मध्ये जागा दिसली की ती भरण्याची खोड शतकानुशतकांच्या लेखकूंना जडलेली असल्यामुळे महाभारताची चिकित्सित आवृत्ती हे मुख्यतः उपसण्याचे काम झाले. १९१९ मध्ये आरंभलेल्या या उद्योगाची सूत्रे १९२५ पासून वि. सी. सुकथनकर यांच्याकडे आली. देशभरातून जमवलेली बाराशेंहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहत ओळीमागून ओळ ठरवली गेली, आणि जेथे पाठाची पुरेशी खात्री नव्हती तेथे संपादकांनी जागा भरली खरी, पण शब्दांखाली एक नागमोडी रेघ ओढली. ही रेघ म्हणजे पुणेरी विद्वत्तेने अंतर्वेशनशास्त्राला दिलेली सर्वांत मोठी देणगी होय. ती पंचांगात, प्रगतीच्या पट्टीत किंवा संध्याकाळच्या वृत्तवाहिन्यांवर अद्याप वापरली गेलेली नाही. शेवटच्या ठिकाणी वापरायची झाल्यास पडदाच नागमोडी दिसेल.

या उपशात जे बाहेर निघाले त्यात एक आख्यान असे होते की ज्याचा विषयच मुळी अंतराल भरण्याचा. महाभारत लिहून घेण्यासाठी व्यासांनी गणपतीला पाचारण केले, लेखणी क्षणभरही थांबू नये अशी अट गणपतीने घातली, आणि अर्थ समजल्याखेरीज एकही अक्षर लिहू नये अशी उलट अट व्यासांनी घातली. मग व्यास अधूनमधून एखादा कूट श्लोक सांगत, सर्वज्ञ गणपती त्याचा अर्थ लावण्यासाठी पळभर थांबे, आणि तेवढ्या वेळात व्यास पुढचे अनेक श्लोक रचून मोकळे होत. मंद गतीने माहिती पुरवणारा आणि शीघ्र गतीने ती नोंदवणारा यांच्यातील तफावत भरून काढण्याची याहून देखणी योजना संगणकशास्त्राला आजवर सुचलेली नाही, आणि अशा कूटांची संख्याही परंपरेने ८,८०० अशी नेमकी सांगून ठेवली आहे. परंतु हस्तलिखितांच्या साक्षीवरून आख्यान मागाहूनचे ठरले, आणि आदिपर्वाच्या संपादनात सुकथनकरांनी ते मूळ संहितेतून काढून परिशिष्टात नेऊन ठेवले. हे ज्या शहरात घडले त्याचे आराध्यदैवत कोण, याचा मुलाहिजा त्यांनी ठेवला नाही.

आवृत्ती पूर्ण झाल्याची घोषणा राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी संस्थेत येऊन केली ती २२ सप्टेंबर १९६६ रोजी. एरवी त्या तारखेपर्यंत विसर्जन आटोपून गेल्याची शक्यता असते. पण त्या वर्षीही श्रावण अधिक आला होता, त्यामुळे सगळे सण महिनाभर पुढे सरकले होते आणि घोषणेच्या दिवशी गणेशोत्सव ऐन भरात होता. जावयांचे अनारसे खाऊन झालेले, पेठापेठांतून मांडव पडलेले, आणि महाभारताच्या लेखकाच्या पदावरून नुकताच शास्त्रशुद्ध रीतीने मुक्त झालेला गणपती त्या सर्वांत आरती घेत बसलेला, असा तो योग होता. आणि त्याच्यासमोर वर्गणीच्या पावत्या फाडणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी कोणी परिशिष्ट उघडून पाहिले असेल, असे मानण्यास कोणताही लेखी आधार नाही.